रात्री जागतो का?

कुत्र्याला घेऊन स्पर्धेत उतरावं, जिंकावं, असं मला का वाटतं? हा प्रश्न मी बरेच दिवस पुढे ढकलत आलो. वाटतं हे मात्र खरं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीपलीकडे फेकरी गावाच्या बाजूला मोकळी जागा आहे. तिथे मी शिट्टी वाजवतो आणि लांब गेलेलं कुत्रं जागच्या जागी बसतं. दुसऱ्या शिट्टीला डावीकडून मोठा वळसा घेतं. तिसरीला पोट जमिनीला टेकवून समोरच्या चार-सहा मेंढ्यांवर नजर रोखतं, आणि त्या मेंढ्या एकमेकींना चिकटून हळूहळू माझ्याकडे यायला लागतात. रस्त्याने जाणारा कुणी गाडी थांबवून बघत राहतो. मान न वळवताही तो थांबलाय हे मला कळतं आणि अंगावर मूठभर मांस चढतं. ते कशामुळे चढतं आणि त्याचा भार कोणावर पडतो, ते आज स्वतःला नीट विचारायचं आहे.

मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा आपल्याकडची नाही. वेल्समधल्या बाला या गावी ९ ऑक्टोबर १८७३ रोजी रिचर्ड लॉइड प्राइस या जमीनदाराने ती भरवली. जिंकला तो वेल्समध्ये राहणारा एक स्कॉटिश माणूस, जेम्स थॉमसन. त्याच्या कुत्र्याचं नाव ट्वीड. पुढे १९०६ साली इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी निघाली आणि नियम बसत गेले. ते नियम मी इतक्यांदा वाचलेत की झोपेतही सांगू शकेन. कुत्रं मालकाच्या पायाशी उभं असतं आणि मेंढ्या दूर, कधी चारशे यार्डांवर. त्याने त्यांना न बिचकवता लांबून वळसा घालून पलीकडे जायचं, याला २० गुण. पहिल्यांदा मेंढ्या जागच्या हलतात त्या क्षणाला १०. सरळ रेषेत मालकापर्यंत आणायला २०, मग मालकापासून दूर, ठरलेल्या फाटकांमधून हाकत न्यायला ३०. कळपातून सांगितलेल्या मेंढ्या वेगळ्या काढायला १० आणि शेवटी छोट्या कुंपणात घालायला १०. असे एकूण शंभर. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की परीक्षक गुण देत जात नाही, तो कापत जातो. सुरुवातीला प्रत्येक कुत्र्याचे शंभरच्या शंभर असतात. मेंढी रेषेबाहेर गेली, कुत्रं जास्त जवळ आलं, मालकाला पुन्हा पुन्हा आज्ञा द्यावी लागली, की त्यातून वजा होतात. मेंढीला विनाकारण दात लावला तर खेळ तिथेच संपतो.

या स्पर्धेबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो मी खोडून टाकणार नाही. कुत्र्यांची प्रदर्शनं मी पाहिली आहेत. तिथे कानाचा आकार, केसांची चमक, शेपटीचा बाक बघतात, आणि त्या हौसेपायी काही जातींची पिल्लं धड श्वास घेऊ न शकणारी निपजली. मेंढ्यांच्या स्पर्धेने कुत्र्याच्या रूपाकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते फक्त काम. नॉर्दम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ साली हेम्प नावाचं कुत्रं जन्मलं. ते भुंकत नसे, धावून जात नसे, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवी. आजच्या बॉर्डर कॉलींच्या वंशावळी मागे नेल्या की त्या त्याच्यापाशी पोचतात. दिसण्यासाठी नव्हे तर शांतपणे काम करण्यासाठी एखाद्या जनावराची आठवण सव्वाशे वर्षं राहावी, ही मला मोठी गोष्ट वाटते. म्हणून ही स्पर्धाच वाईट असं म्हणून मोकळं होणं सोपं असलं, तरी ते खोटं ठरेल. प्रश्न इथला आहे, माझा आहे आणि माझ्या कुत्र्याचा आहे.

माझं कुत्रं बॉर्डर कॉली नाही. कपाशीची उलंगवाडी झाली की साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ आपले वाडे घेऊन खानदेशातून फिरत येतात. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार, त्यावर कोकरं आणि कोंबड्या, पुढे बायामाणसं, मागे मेंढरं. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतात, कारण एका रात्रीच्या लेंड्यांनी आणि मुताने वावराला जे मिळतं ते गोणीतल्या खतात मिळत नाही. अलीकडे तर गुलाबी बोंडअळी मोडण्यासाठी वेचणी संपलेल्या कपाशीत मेंढ्या चारा, असा सल्ला कृषी विद्यापीठंही देतात. अशाच एका वाड्यावरून एका आप्पांनी मला पिल्लू दिलं. त्याची आई मी पाहिली होती. मध्यम अंगाची, रंगाने मातकट, कान जुन्या जखमेने फाटलेला. दिवसा ती कळपाच्या कडेने झोपल्यासारखी चालायची.

पिल्लू मोठं झालं, हुशार निघालं. मी ते परदेशी नियम वाचून त्याला शिकवलं. पुढच्या हंगामात तोच वाडा परत आला तेव्हा मी मोठ्या उमेदीने त्याला तिथे घेऊन गेलो आणि आप्पांसमोर सगळं करून दाखवलं. बसणं, वळसा, नजर, आणणं. आप्पांनी शेवटपर्यंत पाहिलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चांगलं शिकवलं भाऊ. रात्री जागतो का?”

माझं कुत्रं रात्री व्हरांड्यात पोत्यावर झोपतं.

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तेवढंच जाणून घ्यायचं होतं, कारण त्यांच्या लेखी कुत्र्याचं काम तेच. मेंढ्या वळवायला माणसं आहेत. पुढे एक जण चालतो, तोंडाने आवाज काढतो, कळप त्याच्यामागून येतो. कडेची भरकटलेली मेंढी काठीने किंवा नुसत्या हाकेने आत घेतात. त्यासाठी त्यांना कुत्रं लागत नाही. ते लागतं अंधार पडल्यावर, मेंढ्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत बसल्यावर, लांडगा वाऱ्याच्या उलट बाजूने येतो तेव्हा. लांडगा १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला मारता येत नाही आणि मारूही नये. मेंढपाळाच्या हातात उरतं ते जागरण आणि कुत्रं. हिमाचलात गद्दी मेंढपाळ बिबट्यापासून बचावासाठी आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी पट्टा घालतात. आपल्याकडे पट्टा नसला तरी काम तेच.

आता या कामाला गुण कसे द्यायचे? रात्रभर काहीच झालं नाही, कोकरू गेलं नाही, हे त्या कुत्र्याचं यश. ते मैदानात दाखवता येत नाही. कुणी गाडी थांबवून ते बघत नाही. सकाळी मेंढ्या मोजल्या, तितक्याच भरल्या, वाडा हलला.

इथे मला माझ्या नोकरीची आठवण टाळता आली नाही. मी आयुष्यभर वीजनिर्मिती केंद्रात पाळीवर काम केलं. हतनूरच्या धरणातून आलेलं तापीचं पाणी, पाचशे मेगावॅटचे दोन संच, आणि काट्यावरचा पन्नासचा आकडा. वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या मध्ये राहिली की आमचं काम झालं. पाळी सोपवताना वहीत लिहायचं सर्वांत चांगलं वाक्य म्हणजे सर्व काही ठीक. २०१२ साली जुलैच्या ३० आणि ३१ तारखेला उत्तर भारताची, मग पूर्व आणि ईशान्येचीही ग्रिड कोसळली, कोट्यवधी घरं अंधारात गेली. पश्चिमेची ग्रिड मात्र टिकून राहिली. त्यातल्या पहिल्या रात्री पश्चिमेकडे ज्या ज्या केंद्रांत माणसं जागी होती त्यांचं कुठे नाव आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. नगरात, घरात, शेतात दिवा लागलेला होता, लोक झोपले होते. आम्ही जे केलं ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

आप्पांच्या प्रश्नानंतर हे सगळं एकदम समोर आलं. माझ्या कामाला कधी न मिळालेली टाळी मी या कुत्र्याकडून आणवून घेत होतो. मेंढ्या नावालाच होत्या. माझ्याकडे आणायची होती ती बघणाऱ्यांची नजर. कुत्र्याच्या पूर्वजांनी जे काम पिढ्यान् पिढ्या केलं ते माझ्याच कामाच्या जातीचं होतं, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं. तेच बाजूला सारून मी त्याला डोळ्यांत भरणारं काम शिकवलं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी पाहिली, आणि तीच जास्त बोचते. कळप राखणारं कुत्रं लहानपणापासून कोकरांच्या अंगाला अंग लावून वाढतं. ते मेंढीकडे रोखून पाहत नाही. पाहिलंच तर आळसावल्यासारखं, बाजूने. कळप वळवणाऱ्या कुत्र्याची नजर वेगळी. ती शिकाऱ्याचीच नजर असते. शोधणं, रोखणं, दबा धरणं, पाठलाग, चावा या साखळीतलं रोखणं आणि दबा धरणं माणसाने वाढवलं आणि चावा दाबून टाकला. मेंढी हलते ती भीतीने. स्पर्धेतला परीक्षक ती भीती जास्त झाली तर गुण कापतो, पण भीतीच नसेल तर खेळच होत नाही. माझ्या कुत्र्याने वाड्यावर नजर रोखली तेव्हा त्याच्याच आईच्या शेजारी निवांत रवंथ करणाऱ्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या, एकमेकींत घुसल्या. त्याची आई मात्र मध्येच बसलेली होती. तिच्यामुळे कुणी उठत नव्हतं.

कामासाठी मेंढी हलवावी लागते. गवत संपलं, पाणी संपलं, वाडा हलवायचा आहे, तेव्हा थोडी भीती पोटाच्या हिशेबात बसते. मी हलवत होतो ते नुसतं हलवण्यासाठी. माळाच्या या टोकापासून त्या टोकाला, आणि परत.

बैलगाडा शर्यतींचा वाद चालला होता तेव्हा मी तो बारकाईने वाचत असे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ साली राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते बदल वैध ठरवले. त्यात शेतकरी सांगत होते की बैल आम्ही पोटच्या पोरासारखा सांभाळतो, आणि ते खरं असतं हे मला गावाकडच्या पोळ्यावरून ठाऊक आहे. पण त्या प्रेमाने प्रश्न मिटला असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. कायदा परवानगी देतो की नाही, आणि मी कशासाठी करतो, या दोन वेगळ्या गोष्टी. माझंही कुत्र्यावर प्रेम आहे. मेंढ्यांवर मात्र ते कधी नव्हतं, त्या मला सामान म्हणून लागत होत्या.

कुत्र्याची बाजूही मांडली पाहिजे. शिट्टी काढली की त्याचं अंग थरथरतं, डोळे चमकतात. तो आनंद मी नाकारू शकत नाही. काम नसलेलं कुत्रं घरात खंगतं, हेही खरं. पण त्याला काम हवं म्हणजे हेच काम हवं, हा निष्कर्ष माझा, माझ्या सोयीचा. राखणीचं काम त्याला मी कधी देऊनच पाहिलं नाही.

खंडोबाची कथा आमच्याकडे सगळे सांगतात. बानूसाठी देव धनगराच्या घरी चाकर म्हणून राहिला, मेंढ्या राखल्या. त्याच्यासोबत कुत्रं असतंच. लहानपणी मला त्यात देवाने वेश पालटला याचंच नवल वाटायचं. आता वाटतं, त्या कथेत देव मेंढ्यांमागे चालतो आणि तिथे बघणारं कुणी नसतं.

गावच्या यात्रेच्या समितीने यंदा मला विचारलं होतं की मैदानात कुत्र्याचा कार्यक्रम करा, मेंढ्या आम्ही आणतो, बक्षीसही ठेवू. ढोल-ताशे, लाऊडस्पीकर, हजारभर माणसं आणि मध्ये सहा मेंढ्या. मी नाही म्हणालो. उलंगवाडीनंतर वाडा येईल तेव्हा कुत्र्याला काही रात्री त्याच्या आईजवळ ठेवू द्या, असं आप्पांना विचारलं आहे. ते म्हणाले, “ठेवा. पण तुम्ही शिट्टी आणू नका.” या वयात ते शिकेल का, मेंढ्या त्याला जवळ बसू देतील का, आप्पांनाही सांगता येत नाही.

समितीला नकार देताना मी कारण सांगितलं की मेंढ्यांना त्रास होतो. ते कारण खरं आहे, आणि लोकांनी ते मान डोलावून स्वीकारलंही. माझ्याबद्दल त्यांचं मत उलट थोडं चांगलंच झालं, तेही मला कळलं आणि आवडलं. टाळ्यांची भूक होती, हे मी तिथे बोललो नाही. ते बोलल्याशिवाय तो नकार पुरता झाला असं मला म्हणता येत नाही, आणि पुढच्या बैठकीला जायचं की नाही, यावर मन अजून ठाम होत नाही.