छंद एकाचा, पैसा दोघांचा

संसारांत राहून एखाद्या विलक्षण यंत्राच्या नादीं पैसा घालणें कितपत न्याय्य, असा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत निघतो. अशा वेळीं दादासाहेब फाळके यांचें नांव बहुधा पुढें केलें जातें. विमा गहाण ठेवून ते १९१२ सालीं विलायतेस गेले. पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही त्याच कामीं लागले. आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. यश आलें, सबब खर्च योग्य, हा युक्तिवाद मात्र आम्हांस मान्य नाहीं. चित्रपट पडला असता, तर तोच खर्च पाप ठरला असता काय? खर्चाचा न्याय फळावरून नव्हे, तो करण्यापूर्वी घरांत काय घडलें यावरून व्हावा. सरस्वतीबाईंनीं नुसते दागिने दिले नाहींत. फिल्मला छिद्रें पाडण्याचें कामही त्या करीत. त्या साहसांत त्या वांटेकरी होत्या. अर्थात ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक असल्यावांचून ‘हो’ला किंमत नसते; ती मोकळीक त्या काळच्या स्त्रीस क्वचितच होती, आज ती असलीच पाहिजे. म्हणून ड्रोन किंवा वस्तु छापणारें यंत्र घेऊं पाहणारानें ‘हें साधेल काय?’ एवढेंच विचारून भागणार नाहीं. ‘हें बुडालें, तर जोडीदारास आपण फसविले गेलों असें वाटेल काय?’ हेंही विचारावें.