रातराणीची काडी

वाचन : प्रे. कृ. 16:19-34



रातराणी लावण्यास बी लागत नाही. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी डोळ्याच्या खाली कापावी, खालची पाने काढावी आणि दोन डोळे ओलसर, वाळूमिश्रित मातीत जातील अशी सावलीत लावावी. कधी लवकरच पालवी दिसते. पण ती काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असते. मूळ धरण्यास तीन-चार आठवडे लागतात. तोवर काडी उपटून पाहिली, तर कोवळी मुळे तुटतात.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मुलाने वचन तोंडपाठ म्हटले ही पालवी झाली. मूळ धरले की नाही, हे त्याच्या संकटाच्या रात्री कळेल. तोवर पाणी घालीत राहावे, प्रार्थना करावी. रोज उपटून पाहू नये.

रातराणीचे फूल लहान व फिकट. दिवसा ते मिटलेले असते. अंधार पडला की सुगंधाने पतंगांना बोलावते. फिलिप्पै येथील बंदिशाळेत पौल व सीला यांच्या अंगावर फटक्यांचे वळ होते, पाय खोड्यात होते. तरी मध्यरात्री त्यांनी देवाची स्तुती गाइली आणि इतर बंदिवानांनी ती ऐकली. त्याच रात्री बंदिशाळेच्या नायकाने सहकुटुंब बाप्तिस्मा घेतला.

आज कोणाच्या घरी आजार आहे, कोणाचे माणूस गेले आहे. अशा घरातील सायंप्रार्थना बंद पडू देऊ नका. भिंतीपलीकडे कोणीतरी ऐकत आहे. उद्या त्याने विचारले, तर त्यालाही एक काडी द्या. आमेन.