चालते दफ्तर आणि एकबेरीज

परवा एका तरुण सहकाऱ्यास मी विचारले की, ज्या प्रश्नावर आपण गेला आठवडाभर वाद घालीत होतो त्याचा निकाल अखेर काय लागला. तेव्हा पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "सर, सगळं चॅनलवर आहे ना." उत्तर उद्धट नव्हते आणि खोटेही नव्हते. चॅनलवर खरोखरच सारे होते. एकाने हरकत घेतली होती, दुसऱ्याने ती खोडून काढली होती, तिसऱ्याने मध्येच एक तक्ता जोडला होता, चौथ्याने अंगठ्याचे चिन्ह उमटवून कशाला तरी संमती दिली होती, आणि त्यानंतर बोलणे भलत्याच विषयाकडे वळले होते. निकाल तेवढा त्यात कोठे लिहिलेला नव्हता. तो बहुधा लागलाही होता; परंतु ज्यास तो हवा असेल त्याने आठवड्याचा सारा संवाद वाचून तो आपला आपण काढावा, अशी ती एकंदर व्यवस्था होती. त्या उत्तराचा सल अद्याप गेलेला नाही, आणि विचार करू लागल्यावर ध्यानात येते की तो त्या तरुणाविषयी नसून आपण सर्वांनी मिळून निमूटपणे स्वीकारलेल्या एका समजुतीविषयी आहे: लिहिले म्हणजे कळवले आणि कळवले म्हणजे ठरले, ही ती समजूत.

ही समजूत ज्यांच्या आश्रयाने वाढली त्या कामवाटपाच्या आणि संभाषणाच्या साधनांचे वर्णन करीत बसण्याचे प्रयोजन नाही. जिरा 2002 मध्ये आली, ट्रेलो 2011 मध्ये, स्लॅक 2013 मध्ये. आणि 2020 च्या टाळेबंदीने कचेऱ्या घरोघर विखुरल्या तेव्हा, ज्यांनी यांची नावेही ऐकली नव्हती अशा शाळा आणि प्रकाशनसंस्थादेखील त्यांच्या आश्रयास गेल्या. कामांची कार्डे रकान्यारकान्यांतून पुढे सरकवणारा बोर्ड, त्याच्या शेजारी अखंड वाहणारे संभाषण, आणि दोहोंकडून दिवसभर येणाऱ्या सूचना, हे सारे आता पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत कोणासही समजावून सांगावे लागत नाही.

माझ्या मनात मात्र या संदर्भात वारंवार येतो तो एक जुना भेद. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन प्रमुख विभाग होते. एक चालते दफ्तर, जेथे फडणिसांच्या देखरेखीखाली रोजच्या कारभाराचे कागद रुजू होत. दुसरे एकबेरीज दफ्तर, जेथे साऱ्या खात्यांचे हिशेब एकत्र येत, त्यांची वर्गवारी होई, आणि राज्याची जमा, खर्च व शिल्लक दाखवणारा वार्षिक तर्जुमा सिद्ध होई. हा भेद केवळ हिशेबाच्या सोयीचा होता असे मला वाटत नाही. चालत्या दफ्तरात कागद लागतात ते घडण्याच्या क्रमाने, एकबेरजेत ते लागतात अर्थाच्या क्रमाने. पहिल्यात काय काय झाले ते सापडते, दुसऱ्यात त्यातून काय उरले ते कळते. पहिल्याला नेटका हात आणि प्रामाणिकपणा पुरेसा आहे, परंतु दुसऱ्याला कोणी तरी बसून, विचार करून, आपल्या नावावर 'हे धरले आणि हे सोडले' असे म्हणावे लागते. या दृष्टीने पाहता आजची ही साधने म्हणजे मनुष्याने आजवर निर्मिलेले सर्वोत्कृष्ट चालते दफ्तर होय, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. एकबेरीज मात्र त्यांत नाही. आणि शोधाची चौकट हाताशी असल्यामुळे ती नाही हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. शोधाने कोण काय म्हणाले ते क्षणात सापडते, पण म्हटलेल्यांपैकी कोणते अद्याप कायम आहे हे त्याला सांगता येत नाही.

माझे एक स्नेही एका मोठ्या प्रकल्पाची धुरा वाहतात, आणि त्यांना हे मुळीच मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की, जेथे सर्वांना सर्व दिसते तेथे सार काढून देणारा मध्यस्थ हवाच कशाला. असा मध्यस्थ म्हणजे साऱ्या कचेरीचे ज्ञान आपल्या मुठीत ठेवणारा जुना कारकूनच, आणि त्याची सत्ता गेली हीच या साधनांची खरी कमाई. या मताला भक्कम पूर्वज आहेत. आयबीएमच्या सिस्टिम/360 या संगणकमालिकेच्या कार्यप्रणालीचे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले त्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हाच पक्ष मांडला होता. प्रकल्पातील प्रत्येकाने प्रत्येक भागाचा तपशील पाहिला पाहिजे, म्हणून त्यांनी सर्वांसाठी एक सामायिक कार्यवही ठेवली. सहा महिन्यांत तिची जाडी सुमारे 5 फूट झाली आणि रोज सरासरी 150 पाने बदलून लावावी लागू लागली, तेव्हा कागद सोडून त्यांना मायक्रोफिशचा आश्रय घ्यावा लागला. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचे म्हणणे याच्या उलट होते: इतरांच्या भागाचे अंतरंग दृष्टीआड ठेवले तरच माणूस आपला भाग नीट रचू शकतो. ब्रूक्स यांनी 1975 मध्ये हे मत धुडकावले, आणि वीस वर्षांनंतरच्या आवृत्तीत पार्नास यांचेच बरोबर होते असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले.

हे मी स्नेह्यांना ऐकवले तेव्हा ते म्हणाले की ब्रूक्स यांची अडचण कागदाची होती. पडद्याला जाडी नसते. पडद्याला नसते, हे खरे. पण वाचणाराच्या अवधानाला सीमा असते, आणि ती 1975 मध्ये होती तेवढीच आज आहे. पाच माणसांत परस्परसंबंधांच्या 10 जोड्या होतात, दहांत 45, विसांत 190. हा हिशेबही ब्रूक्स यांच्याच ग्रंथात आहे. पूर्वी या जोड्यांपैकी बहुतेकांतील बोलणे तिसऱ्याच्या कानी पडतच नसे. आता चॅनल प्रत्येकाला त्या साऱ्यांच्या मध्ये नेऊन बसवते, आणि तेथून उठून जाणारा बेजबाबदार ठरतो.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा मी घेतो, कारण ज्या बोर्डाचे आपण इतके कौतुक करतो त्याच्या मूळ कल्पनेतच या रोगावरील एक औषध होते. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी या बोर्डाचे मूळ असलेली कानबान पद्धत बसवली ती अमेरिकेतील स्वयंसेवा भांडारांच्या तत्त्वावरून: गिऱ्हाईक फडताळावरून जेवढे उचलते तेवढेच पुन्हा भरायचे. पुढच्या टप्प्याने सुटे भाग उचलले की त्यांच्यासोबतचे कार्ड मागे जाई, आणि ते हाती पडल्यावाचून मागच्या टप्प्याने नवा माल करायचा नसे. कार्डे मोजकी असत. म्हणजे ते कार्ड ही परवानगी होती, आणि तीच मर्यादाही होती. आपल्या पडद्यावरचे कार्ड फुकट आहे. ते कोणीही, कधीही, कितीही निर्माण करावे. रकाने तेवढे आपण उचलले आणि मर्यादा जपानात ठेवून आलो. काही थोडे चमू 'चालू' या रकान्यात इतक्याहून अधिक कार्डे ठेवायची नाहीत असा दंडक पाळतात, आणि प्रकल्पप्रमुखाच्या अंगचे धैर्य मला त्या एका आकड्यात जेवढे दिसते तेवढे त्याच्या भाषणात दिसत नाही.

इथवर आल्यावर माझा निष्कर्ष ठरल्यासारखाच होता: चॅनले थोडी असावीत, बोलणे आटोपते असावे, ज्याचे त्याला दिसावे. परंतु हे लिहिताना दोन माणसे डोळ्यांपुढून हलत नाहीत. पहिली, चमूत नव्याने दाखल झालेली एखादी मुलगी. बैठकीत तिने दबत्या आवाजात घेतलेली हरकत ज्येष्ठांच्या बोलण्यात बुडून जाते, आणि पुढे तेच संकट ओढवल्यावर इशारा कोणी दिला होता हे कोणासही आठवत नाही. चॅनलवर मात्र ती हरकत तिच्या नावासह, तारीखवेळेसह नोंदलेली असते आणि कोणाच्या हुद्द्याने पुसली जात नाही. दुसरा, दूरदेशीचा सहकारी. उन्हाळ्यात पुण्याचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असते. कारणे लिहून ठेवलेली नसतील तर दोघांपैकी एकाने आपली रात्र मोडून फोनवर बसलेच पाहिजे, आणि ती रात्र बहुधा आपल्याकडचाच माणूस मोडतो. या दोघांनाही चालते दफ्तर भरघोस आणि उघडे असणेच हिताचे आहे. शिवाय, कोणता कागद पुढे उपयोगी पडेल हे लिहिणाराला कोठे ठाऊक असते? इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या अवघ्या काही वर्षांत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले. त्यांतील किती तरी पत्रे त्या त्या दिवसाच्या निकडीपोटी लिहिलेली, उद्या कोणी वाचील असा विचारही न करता लिहिलेली होती. सबब, जी काटछाट मागण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला ती मी आता मागत नाही. जे आहे ते राहू द्यावे. त्यावर आणखी श्रम खर्च करावेत, अशी माझी मागणी आहे.

हे श्रम एकबेरजेचे. दर आठवड्यास चमूतील एकाने पानभर मजकूर लिहावा: काय ठरले, काय कोणाच्या हरकतीवरून सोडले, काय लोंबकळत आहे आणि ते कोणाकडे. हे काम आता यंत्र करील असे कोणी म्हणेल, कारण संवादाचा संक्षेप करून देण्याची सोय या साधनांतच येऊ लागली आहे. पण यंत्र संवाद आखूड करते. 'हे कायम' असे म्हणण्यास जो अधिकार लागतो आणि चुकल्यास जो जाब द्यावा लागतो, तो यंत्राकडे नाही. कारकुनाच्या मुठीची स्नेह्यांना वाटणारी भीती मात्र खरी आहे, आणि म्हणून हे काम प्रकल्पप्रमुखाकडे किंवा कोणा एकाकडे कायम नसावे. ते पाळीपाळीने फिरावे, नवख्यावरही यावे, आणि ज्याचे म्हणणे त्यात चुकीचे उतरले असेल त्याला खाली आपला शेरा लिहिण्याची मोकळीक असावी.

अडचण आहे ती पैशाची. ग्राहकांसाठी प्रकल्प करणाऱ्या कचेऱ्यांतून प्रत्येक तास ग्राहकाच्या नावे मांडला जातो, आणि या कामाला त्यात सदरच नाही. म्हणून आज ते जेथे होते तेथे ते एखादी टापटिपीची व्यक्ती कचेरी सुटल्यावर स्वतःहून करते, आणि वेतनवाढीच्या वेळी त्याची दखल घेतली जात नाही. ते बोर्डावर स्वतंत्र कार्ड म्हणून यावे, अंदाजपत्रकात त्याचा आठवड्याला अर्धा दिवस धरावा, आणि तो ग्राहकाला उघडपणे दाखवावा. स्नेह्यांना अर्धा दिवस फार वाटतो. वीस माणसांच्या चमूला तो मला थोडाच वाटतो, कारण सध्या ते वीसही जण तीच बेरीज आपापल्या जागी, वेगवेगळी करीत असतात, आणि त्यांची उत्तरे जुळतात की नाही हे पाहण्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.