मोजलंच नाही, तर लिहिलं कशाला?

हातातलं काम थांबवा आणि सगळे या ब्लॉकभोवती उभे राहा. मोबाईल खिशात.

ही तुमची नोंदवही. मारुती ८०० चं इंजिन, सिलिंडर तीन. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली मोजायचं. प्रत्येक जागी एक माप क्रँकशाफ्टच्या रेषेत, दुसरं त्याला आडवं. एकूण १८ मापं. तुमच्या अठराही रकान्यांत एकच आकडा आहे, ६८.५० मिलिमीटर. हे नव्या बोअरचं माप, पुस्तकात छापलेलं. म्हणजे बोअर गेज पेटीतून बाहेर निघालाच नाही. पुस्तक उघडलं, आकडा उतरवला आणि जेवायला पळालात. याला पाट्या टाकणं म्हणतात.

आता पहिल्या सिलिंडरच्या भिंतीवरून नख खालून वरच्या काठाकडे ओढा. अडलं ना? तो कंगोरा आहे. वरची रिंग तिथवर पोहोचत नाही म्हणून तिथलं बीड शाबूत राहिलं, आणि त्याच्या खालचं झिजलं. जे नखाला कळतं ते तुमच्या वहीत का नाही? कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकताय?

झीज वरच का जास्त, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. स्फोटाचा दाब आणि उष्णता तिथे सर्वांत जास्त. तो वायू रिंगच्या पाठीमागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. पिस्टन टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, तेव्हा तेलाचा थर तुटतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेटला जातो आणि बोअर लांबट होतो. वर आणि खाली यांतला फरक म्हणजे टेपर, एकाच पातळीवरच्या दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. अठराही आकडे सारखे लिहिलेत, तर दोन्ही शून्य. वर्षानुवर्षं पळालेल्या इंजिनात शून्य झीज! निदान खोटं लिहिताना तरी डोकं चालवायचं होतं.

"सर, काटा स्थिर राहत नाही," हे कारण मला सांगू नका. काटा हलणारच. बोअर गेज स्वतःहून माप सांगत नाही, फरक सांगतो. आधी मायक्रोमीटर शून्यावर तपासा, मग तो ६८.५० वर लावून त्यात गेजचं शून्य धरा. सिलिंडरमध्ये गेज पुढेमागे झुलवा. काटा जिथून परत फिरतो, ते तुमचं माप. घाईने केलं तर येणार नाही. आलं नाही तर पुन्हा करा, पुस्तकात बघून लिहू नका.

आता पिस्टन. पिस्टन तुम्ही डोक्याकडे मोजलात. डोकं मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, कारण तेच सर्वांत जास्त तापतं आणि ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पिस्टन मोजायचा स्कर्टवर, पिनला काटकोनात, पुस्तकात सांगितलेल्या उंचीवर. चुकीच्या जागी मोजलात तर पिस्टन आणि भिंत यांतला क्लिअरन्स चुकला. क्लिअरन्स जास्त झाला तर पिस्टन थंड इंजिनात खडखडतो, कमी झाला तर तापल्यावर धरतो आणि भिंत ओरबाडून निघते.

आणि या खोट्या मापावर पुढे काय होतं ते ऐका. तुमच्या वहीप्रमाणे बोअर ठीक आहे, म्हणून कोणीतरी नुसत्या रिंगा बदलेल. नवी कोरी रिंग त्या कंगोऱ्यावर आपटेल आणि तुटेल. तुटली नाही तरी बोअर ०.१२ ने वाढलेला असेल, तर रिंगचा गॅप त्याच्या तिप्पटीहून जास्त, म्हणजे ०.३८ ने उघडतो. घेर व्यासाच्या ३.१४ पट असतो, हे सातवी-आठवीचं गणित आहे. तिथून वायू खाली जाणार, तेल वर येणार, सायलेन्सरमधून निळा धूर निघणार. हेच इंजिन ओम्नीतही होतं. उद्या तुम्ही गॅरेजमध्ये असाल आणि समोर अशा गाडीवर पोट असणारा माणूस उभा असेल. इंजिन कामाला त्याने उसनवारी करून पैसे आणलेले असतील. महिन्याभरात तो धूर घेऊन परत आला, तर त्याला ही वही दाखवणार?

गेल्या आठवड्यातलंही राहिलंय. होनिंग केलेला ब्लॉक तुम्ही पेट्रोलच्या फडक्याने पुसलात. पेट्रोलने तेल जातं, दगडाची कच त्या तिरक्या रेघांत तशीच बसते आणि नव्या रिंगा घासून खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, हाच उपाय. पांढरं फडकं तेलात भिजवून फिरवा. ते करडं निघतंय तोवर ब्लॉक घाण आहे. स्वच्छ निघालं की लगेच तेल लावा, नाहीतर बघता बघता गंज चढतो.

तुम्ही ढ असतात तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. तुमच्या हातात कसब आहे, गियरबॉक्स तुम्ही माझ्या देखत सुरेख बांधलात. म्हणूनच ही लबाडी मला सहन होत नाही. मेकॅनिकच्या शब्दावर गिऱ्हाईक डोळे झाकून पैसे मोजतं. तो शब्द शंभराव्या भागापर्यंत खरा असायला हवा.

आता काम. ते पान आडवी रेघ मारून रद्द करा, फाडू नका. प्रत्येक सिलिंडर दोघांनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकांचा आकडा न बघता. दोघांत ०.०१ पेक्षा जास्त फरक आला तर दोघांनीही पुन्हा मोजायचं. मापापुढे मोजणाऱ्याचं नाव. एक जरी सिलिंडर मर्यादेबाहेर गेला, तर तिन्ही एकाच ओव्हरसाइजला जातील, ०.२५ किंवा ०.५०. बोअरिंगला ब्लॉक पाठवताना नवे पिस्टन सोबत पाठवा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने होतो. हे सगळं झाल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि माझ्या सहीशिवाय ब्लॉक इथून हलणार नाही. चला, गेज काढा.