शक्ती की प्रतिबंधक?

कारणांची सारी सामग्री सिद्ध असूनही कार्य का घडत नाही, हा प्रश्न आपल्या दार्शनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेले उदाहरण मोठे मासलेवाईक आहे: अग्नी प्रज्वलित आहे, इंधन शुष्क आहे, दोहोंचा संयोगही झालेला आहे, परंतु एक विशिष्ट मणी जवळ आणून ठेवताच दाह होत नाही, आणि तो दूर केला की पूर्ववत होतो. मीमांसकांनी यावरून असे ठरविले की अग्नीच्या ठायी शक्ती नावाचा एक स्वतंत्र, डोळ्यांना न दिसणारा पदार्थ असला पाहिजे व मणी तिचा नाश करतो. नैयायिकांनी ही जादा नोंद आपल्या दप्तरी दाखल करून घेण्यास साफ नकार दिला. प्रतिबंधकाचा अभाव हेही दाहाचे एक कारणच होय, मणी असताना तेवढे एक कारण उणे पडते, त्याहून अधिक काही मानावयास नको, असे त्यांचे म्हणणे. असा मणी कोणी प्रत्यक्ष पाहिला होता काय, हे विचारण्याच्या भरीस मी पडत नाही. कारण ज्याला हा वाद आजही चाललेला पाहावयाचा असेल त्याला मण्यावाचून काही अडणार नाही, पौषातल्या पहाटे सुरू न होणारी एखादी मोटार त्याला पुरेशी आहे.

अशी मोटार पाहावयाची तर बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीस जावे. हे भंडाऱ्याच्या सरहद्दीलगतचे, मँगनीजच्या खाणीचे गाव. 1956 च्या प्रांतरचनेत नागपूर-भंडारा एकीकडे गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तरी तुमसरची रेल्वे, नागपूरची बाजारपेठ आणि घराघरांतली मराठी यांनी ती रेघ कधी फारशी मनावर घेतली नाही. 1896 सालच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून आजच्या मॉयल या कंपनीपर्यंत येथील खनिज-व्यवसायाची मालकी बदलत आली. 1938 मध्ये येथील एका खनिजाला गावाच्या नावावरून ‘तिरोडाइट’ हे नाव मिळाले, आणि येथल्या प्राचीन खडकालाही भूगर्भशास्त्रज्ञ तिरोडी नाइस म्हणून ओळखतात. अशा गावी हिवाळ्यातल्या सकाळी जीपमालक किल्ली फिरवतो, काही घडत नाही, आणि तो खाली उतरून म्हणतो, “बॅटरीत दमच नाही उरला.” त्या बिचाऱ्याने मीमांसेचे एक पानही चाळलेले नसते, तथापि त्याची भूमिका शुद्ध मीमांसकाची आहे. शक्ती होती, ती नष्ट झाली.

बोलावून आणलेला मिस्त्री हा निष्कर्ष ऐकून घेतो, परंतु रुजू करून घेत नाही. तो आधी मालकाची जबानी घेतो: काल गाडी कुठवर गेली होती, डिझेल कुठे भरले, कोणी बॉनेट उघडून हात घातला होता काय. मग तो पुन्हा किल्ली फिरवावयास लावतो आणि कान देतो. सेल्फ चांगला फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर तपासाची दिशाच निराळी: डिझेलने हवा घेतली असेल, हीटर प्लग तापत नसतील, पेट्रोलची गाडी असेल तर प्लगला करंट पोहोचत नसेल. परंतु सेल्फ फिरतच नाही, नुसता एक ‘कट’ असा आवाज होतो, किंवा तोही होत नाही, तर बॅटरीपासून सेल्फपर्यंतचा मार्ग शोधावयाचा.

येथे त्याच्या हाती असतो दोन तारा जोडलेला एक लहानसा दिवा. एका ठिकाणी तो लावला आणि पेटला नाही, तर तेथे करंट नाही असे आपण चटकन म्हणू. मिस्त्री मात्र तोच दिवा आधी शेजारच्या चालू गाडीच्या बॅटरीवर लावून पाहतो, आणि तेथे तो पेटला तरच आपल्या गाडीतील त्याच्या न पेटण्याला किंमत देतो. अभावाचे ज्ञान कशाने होते याविषयी आपल्याकडे तीव्र मतभेद आहेत. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात, नैयायिक ते काम प्रत्यक्षावरच भागवितात. परंतु नुसते न दिसणे पुरत नाही, वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असावी लागते, या एका अटीवर त्यांचे एकमत आहे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. ही अट पुरी करणाऱ्या न दिसण्याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. दिवा आधी तपासून घेणारा कारागीर ही अट तंतोतंत पाळतो. ईश्वर दिसला नाही म्हणून तो नाही, असे एका दमात सांगणारे आणि प्रार्थना फळली नाही म्हणून ती व्यर्थ, असे ठरविणारे, हे दोघेही बहुधा ती पाळीत नाहीत; आपल्याजवळचा दिवा पेटणारा आहे की नाही, हे त्यांनी कोठे पाहिलेले असते?

आता बंद गाडीच्या मूळ तपासाकडे वळू. “दिवे तर लागतात, म्हणजे बॅटरी आणि तारा शाबूत आहेत,” असा युक्तिवाद हमखास केला जातो. तो सव्यभिचार आहे, म्हणजे त्यातील हेतू साध्य नसतानाही आढळतो. पुढचा एक दिवा चार-पाच अँपिअरवर भागतो. सेल्फला शंभराहून अधिक लागतात. बॅटरीच्या खांबावर आणि त्याला आवळलेल्या क्लिपेत पांढरट-हिरवट बुरा साचला, की तो थोडक्याला वाट देतो आणि पुष्कळाला अडवितो. याच्या उलट बाजूने होणारी फसगत अधिक सूक्ष्म आहे. दुसऱ्या गाडीची तार आणून आपल्या क्लिपेवर लावली, सेल्फ खणखणीत फिरला, तेव्हा आपली बॅटरी मेली हे सिद्ध झाले असे मालक समजतो; वस्तुतः परका प्रवाह बुरा साचलेल्या सांध्याला वगळून सरळ पुढे गेलेला असतो, आणि बॅटरी निर्दोष असूनही आरोपी ठरते. गुरूच्या शक्तिपाताने एकदम जागृत झालेल्या साधकांच्या कैफियती वाचताना मला ही तार आठवल्यावाचून राहत नाही.

निकाल लावावयाचा तो मीटरने. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी सहा घरांची असते. पुरी भारलेली व स्वस्थ असता ती सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. सेल्फ दाबला असता खांबांवरच हा आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी खचली आहे, मग ती नुसती उतरलेली असो की कायमची गेलेली. तो टिकून राहिला आणि खांब व क्लीप यांच्यामध्ये मात्र अर्धा-एक व्होल्ट दिसू लागला, तर तेथेच प्रतिबंधक बसला आहे. मीमांसक आणि नैयायिक यांचा झगडा तत्त्वतः मिटला नाही. एकेका खटल्यात मात्र तो असा मिटतो, कधी या बाजूने, कधी त्या.

मिस्त्र्याच्या दुसऱ्या हातातील टॉर्चची कथा तर याहून बोधक. 1866 च्या सुमारास लेक्लांशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या आणि पुढे कोरड्या स्वरूपात घरोघर पोहोचलेल्या विद्युत्‌घटात काळी पूड असते ती मँगनीज डायॉक्साइडची, आणि तिच्या जातीचे खनिज सरहद्दीपलीकडे भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघते. जुन्या पाठ्यपुस्तकांत या पुडीचे काम असे सांगत, की कार्बनच्या कांडीभोवती साचून प्रवाहाला अडविणारा हायड्रोजन ती नाहीसा करते. म्हणजे पूड केवळ प्रतिबंधकाची निवारक. पुढे कळले की ती स्वतःच त्या रासायनिक क्रियेचा भाग आहे, तीच झिजते आणि तिच्या झिजण्यातूनच अर्धी वीज येते. निवारक म्हणून नोंदलेली वस्तू उपादानच निघाली!

म्हणून साधना ही शक्ती मिळविणे आहे की अडथळा दूर करणे, या प्रश्नाचे एकच उत्तर घाईने देऊ नये असे मला वाटते. पतंजलीने कैवल्यपादात दुसरा पक्ष घेतला: निमित्त प्रकृतीला ढकलीत नाही, ते केवळ आवरण फोडते, जसा शेतकरी पाणी ओढून नेत नाही, बांध फोडतो आणि पाणी आपोआप खालच्या खाचरात उतरते. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या तिरोडीत हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. अद्वैतीही तेच म्हणतात. मोक्ष उत्पन्न होत नसतो, अविद्या तेवढी जाते. हा पक्ष उदार आहे, बहुतेक प्रसंगी खराही आहे, परंतु त्यात एक सोय दडलेली आहे. पट्ट्या सल्फेटने बसून गेलेल्या जुन्या बॅटरीचे खांब कितीही चकचकीत घासले तरी सेल्फ फिरत नाही, आणि ‘माझ्यात सर्व काही परिपूर्ण आहे, फक्त वरचे आवरण जायचे आहे,’ असे आयुष्यभर सांगत फिरणाऱ्याने आपला मीटर एकदा तरी लावून पाहिलेला असावा.

राहिले दैव. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना चेष्टा, आणि पाचवे दैव. दैवाला वगळलेले नाही, परंतु त्याला पाचवे स्थान दिले आहे, आणि माझ्या मते हा क्रम सहेतुक समजावा. पहिल्या चारांची चौकशी न करता जो पाचव्यावर हवाला ठेवतो, बॉनेट न उघडता बंपरला लिंबू-मिरची बांधतो, त्याने दैवाचाही मान राखला नाही. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालणे ही गोष्ट वेगळी. ती उपकरणाविषयीची कृतज्ञता आहे, आणि ती कोणत्याही कार्याचे कारण असल्याचा दावा करीत नाही.

तेव्हा वाचकांना एवढेच सुचवितो, की दुकानदाराच्या सांगण्यावरून नवी बॅटरी घेण्यापूर्वी दोन्ही क्लिपा उघडून, सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, खांब घासून पुन्हा घट्ट आवळून पाहाव्यात. सोडताना आधी ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.