गहाण आणि मक्ता : वऱ्हाडच्या दोन करारांतील स्वत्वविचार

जमिनीचे दोन करारनामे शेजारी ठेवले, की वाचणाऱ्याची नजर प्रथम रकमेवर जाते, आणि ज्याच्यापाशी वकील नाही त्याची तर बहुधा तिथेच खिळून राहते. परंतु देणाऱ्याने नेमके काय दिले, स्वतःकडे काय राखले आणि दिलेले परत येण्याची वाट कोणत्या कलमात आहे, हे कळल्यावाचून रकमेचाही अर्थ लागत नाही. अमरावती-अकोल्याचा वऱ्हाड प्रांत हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांकडे ज्या दोन करारांनी गेला, त्यांची तुलना म्हणूनच राजनीतीइतकीच स्वत्वाच्या तत्त्वविचाराचीही आहे. स्वत्व म्हणजे एखादी वस्तू ‘आपली’ असणे.

पहिला करार २१ मे १८५३ चा, लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीतला. हैदराबाद कंटिन्जंट या नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज निजामाच्या खर्चाने पोसली जात असे. तिचा पगार थकला, ईस्ट इंडिया कंपनीने तो भरला आणि कर्ज साचले. त्यापोटी निजाम नासिरुद्दौला याने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दोआब हे सुमारे ५० लाख रुपये उत्पन्नाचे मुलूख कंपनीच्या कारभाराखाली दिले. कंपनीने खर्च भागवावा, दरसाल हिशेब द्यावा आणि उरलेली शिल्लक निजामाला पोचती करावी, असे ठरले. १८६० च्या तहाने कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले, वऱ्हाड मात्र विश्वस्ताच्या नात्याने इंग्रजांकडेच राहिले. आणि जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. हे कलम तेव्हा फारसे कोणाला बोचले नसावे. पण ज्याला हिशेब मागता येत नाही, त्याला शिल्लक किती असायला हवी होती हेही सांगता येत नाही.

या व्यवहाराला धर्मशास्त्रात नेमका शब्द आहे : ‘आधि’, म्हणजे गहाण. आधीचे दोन प्रकार मानले जातात. जे नुसते सांभाळून ठेवायचे ते गोप्य आणि ज्याचे उत्पन्न धनकोने घ्यायचे ते भोग्य. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे सामान्य गहाण कर्ज दुप्पट होईपर्यंत सोडवले नाही तर बुडते, परंतु ज्याचे फळ धनको भोगत असतो ते गहाण कधीच बुडत नाही. मालकाच्या डोळ्यांदेखत वीस वर्षे दुसऱ्याने भूमी भोगली आणि मालक गप्प राहिला, तर त्याचा दावा क्षीण होतो, असा नियम तीच स्मृती सांगते, आणि लगोलग त्यातून गहाणाला वगळते. या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत लिहिली; हे कल्याण, आजचे बसवकल्याण, पुढे निजामाच्याच राज्यात होते, हा योगायोग सहज नोंदवण्याजोगा आहे. गहाण सोडवण्याला शास्त्रकार ‘मोक्षण’ म्हणतात. १८७० च्या दशकात निजामाचा दिवाण सालारजंग याने फौजेच्या खर्चाची दुसरी हमी देऊन वऱ्हाड सोडवून घेण्याची जी खटपट केली, ती या अर्थाने मोक्षणाचीच मागणी होती. ती फेटाळली गेली. तरीही गहाण हे गहाण राहिले असल्यामुळे ती पुन्हा करता येण्याजोगी उरली.

५ नोव्हेंबर १९०२ च्या दुसऱ्या कराराने ही जागाच बुजवली. निजाम मीर महबूब अली खान याचे वऱ्हाडवरील स्वामित्व त्यात पुन्हा मान्य केले गेले आणि प्रांत दरसाल २५ लाख रुपयांवर कायमचा पट्ट्याने घेतला गेला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा फरक त्याच्या रोजच्या शब्दांत सांगता येतो : बटईत पिकाचा वाटा मिळतो, म्हणून मालकाला खळ्यावर उभे राहून पीक पाहावे लागते, मक्त्यात ठरलेली रक्कम मिळते आणि पीक किती आले हे विचारण्याचे कारण उरत नाही. शिल्लक कधी येईल, किती येईल, या अनिश्चितीच्या जागी निजामाला निश्चित रक्कम मिळाली, हा लाभ खराच होता. परंतु पहिल्या करारात तो ऋणको होता आणि ऋणकोला सोडवणुकीचा हक्क असतो. दुसऱ्यात तो भाडे घेणारा मालक झाला आणि मुदतच नसलेल्या पट्ट्यात जमीन परत मागण्याचा दिवस कधी उगवत नाही. मान वाढला, पैसा ठरला आणि वाट बंद झाली. इस्लामी धर्मशास्त्रातही, म्हणजे फिकहमध्ये, भाड्याच्या कराराला ‘इजारा’ म्हणतात आणि जमिनीच्या इजाऱ्याची मुदत ठरलेली असावी अशी अपेक्षा करतात. यवतमाळकडच्या कित्येक गावांच्या नावापुढे हा शब्द आजही लागतो. मुदतीच्या या कसोटीवर कायमचा इजारा हा वदतोव्याघातच ठरतो; मुदत नसलेले भाडे म्हणजे हप्त्याहप्त्याने चुकवलेली, कधीही पुरी न होणारी किंमत होय.

मग निजामाकडे राहिले ते स्वामित्व कोणत्या अर्थाने? विज्ञानेश्वर स्वत्वाला लौकिक मानतो. म्हणजे ते लोकव्यवहारातून सिद्ध होते, केवळ शास्त्रवचनातून नव्हे. व्यवहार पाहावा, तर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे होता. आणि अकोल्याचा रहिवासी तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश प्रजाजन नसल्याने त्याला लागू होणारे कायदे परकीय प्रदेशावरील अधिकाराच्या नावाने लागू केले जात. १९३६ च्या करारानंतर निजाम ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ आणि त्याचा वारस ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ म्हणवला जाऊ लागला. ज्याचा इच्छेप्रमाणे विनियोग करता येत नाही ते स्वत्व किताबात राहते, शेतात राहत नाही.

संमतीचा प्रश्न याहून अवघड आहे. १९०२ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला येऊन निजामाला भेटला आणि त्या भेटीत कराराचा पाया घातला गेला. पुढचा निजाम मीर उस्मान अली खान याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागताना आपल्या वडिलांची संमती मोकळी नव्हती, असा मुद्दा मांडला. बळाने अथवा कपटाने झालेले व्यवहार रद्द करावेत, हे याज्ञवल्क्य सांगतो आणि बळाने लिहवून घेतलेले न केल्यासारखेच असते, हे मनूलाही मान्य आहे. मात्र हे रद्द करणे दोन्ही स्मृतींत राजाचे काम आहे. येथे तर करारातला एक पक्षच राजा होता. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने दिलेल्या उत्तरात ब्रिटिश सत्तेची सर्वोच्चता सांगितली आणि तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा कोणत्याही संस्थानिकाचा अधिकार नाकारला. ते उत्तर कर्कश होते, पण प्रामाणिकही होते. कारण बरोबरी नसेल तर १९०२ चा कागद करार कसा ठरतो, हा प्रश्न त्याने नकळत स्वतःवरच ओढवून घेतला.

निजामाची तक्रार मान्य केली, तरी तिच्याही मुळाशी एक गृहीत उरते. विश्वजित् यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. तेव्हा राजाने भूमीही द्यावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या पूर्वमीमांसेत सहाव्या अध्यायात येतो. उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमी सर्वांना सारखीच आहे. राजाला रक्षणाबद्दल भाग मिळतो, तेवढ्याने ती त्याची होत नाही. हे मान्य केले तर १८५३ मध्ये गहाण पडला आणि १९०२ मध्ये मक्त्याने गेला तो राजभाग वसूल करण्याचा अधिकार, वऱ्हाड नव्हे. दोन्ही कागदांवर मात्र प्रांत दिल्याचेच लिहिले आहे, आणि त्या प्रांतात राहणाऱ्याला कोणीही पक्ष मानलेले नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिशांची सर्वोच्चता संपली आणि तिच्यावर उभे असलेले करारही निराधार झाले. त्याच्या आठवडाभर आधी, ८ ऑगस्टला, अकोल्यात शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी आदी पुढाऱ्यांनी संयुक्त महाराष्ट्रात वऱ्हाड-नागपूरचे स्थान काय असावे याविषयी एका करारावर सह्या केल्या. वऱ्हाडबद्दलच्या या कराराला वऱ्हाडातली माणसे पक्ष होती, आणि त्यात भाड्याची रक्कम नव्हती.