वाढत्या पाठीची संमती

मुलीचा कणा एका बाजूला वाकू लागला, स्कोलिओसिस निघाला, की कोणीतरी म्हणतं, 'मोठी होऊ दे, मग तीच ठरवील.' ऐकायला हे उदार वाटतं. पण बाक झपाट्याने वाढतो तो उंची वाढण्याच्याच वर्षांत. तिची वाट पाहायची म्हणजे निर्णय हाडांवर सोपवायचा.

ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओ झालेल्या मुलांच्या कण्याला धातूची सळई लावली, त्याला साठाहून अधिक वर्षं झाली. साधनं सुधारली, तरी मणके सांधले की तेवढा भाग पुन्हा वाकत नाही. अगदी लहान मुलात लांबलचक कणा सांधला तर छातीचा पिंजराच खुरटतो. म्हणून तिथे वाढवता येणारी सळई घालतात, ती वर्षानुवर्षं थोडीथोडी लांबवतात. प्रश्न श्वासाचा असेल तर मूल नको म्हणालं तरी आईबापांनी हो म्हणावं, असं मला वाटतं.

अडचण 13 वर्षांच्या मुलीची. बाक 50 अंशांकडे गेला की शस्त्रक्रिया सुचवतात. दुखत मात्र बहुधा फारसं नसतं. आयोवात उपचार न घेतलेल्या रुग्णांचा 50 वर्षं मागोवा घेतला. 2003 साली निष्कर्ष आला: बहुतेकांचं आयुष्य नीट गेलं, पाठदुखी मात्र इतरांहून जास्त. मग सरळ काय करायचंय, पाठ की स्थळं बघायला येणाऱ्यांची नजर? आरशात तिला स्वतःला खुपत असेल, तर ते कारण मी हलकं मानणार नाही. पण खुपतं कोणाला, हे आईला खोलीबाहेर बसवून तिला विचारावं. कोणते मणके सांधणार, त्यानंतर काय जमणार नाही, हे आधी सांगून.